कातालान माणसे: मनमाडच्या विहिरींपासून बार्सिलोनाच्या मनोऱ्यांपर्यंत

जालन्याहून मुंबईकडे निघालेली गाडी मनमाडला येते आणि तिथे मराठवाडा मागे पडतो. निजामाच्या काळात, १९०० साली, हैदराबादहून जालना, औरंगाबाद करत मनमाडला भिडणारा हा लोहमार्ग सुरू झाला. तेव्हापासून आपल्याकडच्या माणसाला मुंबईचे दार मनमाडलाच उघडते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच कोरड्या गावी एक गोरा जेझुइट पाद्री येऊन राहिला. नाव व्हिसेंते फेरर. पासपोर्ट स्पेनचा, म्हणून लोक त्यांना स्पॅनिश म्हणत. जन्म मात्र बार्सिलोनातला, ९ एप्रिल १९२०चा. ज्या समाजात ते जन्मले तो स्वतःला आधी कातालान म्हणवतो.

मनमाड आणि नांदगावच्या बाजूची जमीन जालन्याच्या माणसाला अनोळखी नाही. पाऊस कमी, उन्हाळा लांब आणि विहिरीला पाणी लागले तरच शेतीला अर्थ. फेरर यांनी विहिरीपासूनच कामाला सुरुवात केली. विहीर खोदायला जो शेतकरी उभा राहील त्याला कामाच्या दिवसांत गहू आणि तेल द्यायचे, बिनव्याजी कर्ज द्यायचे आणि काम त्याच्याच हातून करून घ्यायचे. आधी शेतकऱ्यांचा विश्वास बसला नाही. मग एका विहिरीला पाणी लागले, दुसरीला लागले आणि माणसे आपणहून येऊ लागली. या कामातून महाराष्ट्र शेतकरी सेवा मंडळ उभे राहिले.

परदेशी पाद्र्याभोवती शेतकरी इतक्या संख्येने जमतात हे अनेकांच्या डोळ्यांत सलले. धर्मांतराचा संशय होता आणि गावच्या पुढाऱ्यांना आपले वजन घटण्याची भीती होती. १९६८ साली फेरर यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी मनमाडहून मुंबईकडे मोर्चा काढला. फेरर यांच्या संस्थेच्या इतिहासात तीस हजार शेतकरी आणि अडीचशे किलोमीटरची वाट अशी नोंद आहे. पंतप्रधान इंदिरा गांधींनी मध्यम मार्ग काढला: फादरांनी काही काळ परदेशी जावे, मग भारताने त्यांना परत येऊ द्यावे. १९६९ साली ते परतले, पण महाराष्ट्रात नाही. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरने त्यांना जागा दिली. तिथे त्यांनी रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा केला, जेझुइट संघ सोडला, इंग्रज पत्रकार ॲन पेरी यांच्याशी लग्न केले आणि चाळीस वर्षे त्या दुष्काळी जिल्ह्यात राबून १९ जून २००९ रोजी तिथेच देह ठेवला. महाराष्ट्राने एक मोठा माणूस गमावला आणि अनंतपूरने तो कमावला, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेरर यांची तरुणपणची कहाणी समजून घेतली की कातालान समाजाची विसाव्या शतकातली कहाणी समोर येते. वयाच्या अठराव्या वर्षी ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने एब्रो नदीच्या लढाईत होते. पराभवानंतर लाखो लोकांबरोबर ते सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले आणि समुद्रकाठच्या वाळूत उभारलेल्या छावणीत अडकले. स्पेनला परत पाठवल्यावर पुन्हा छावणी. त्यातून सुटल्यावर कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून १९४४ साली ते जेझुइट झाले आणि १९५२ साली मुंबईत उतरले. ज्या राजवटीने त्यांना छावणीत घातले तिनेच त्यांच्या प्रांताची भाषाही शाळेतून, छापखान्यातून आणि दुकानांच्या पाट्यांवरून पुसायला घेतली होती.

तो प्रांत म्हणजे कातालोनिया, स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात. उत्तरेला पिरेनीज पर्वत आणि पलीकडे फ्रान्स, पूर्वेला भूमध्य समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ३२ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ८० लाख. जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या थोडे वर आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाख. म्हणजे जमीन घ्या की माणसे, हा प्रांत चार जालना जिल्ह्यांएवढा आहे. त्याचे प्रशासकीय जिल्हेही चारच: बार्सिलोना, जिरोना, लेइदा आणि तारागोना. मराठवाड्याच्या जेमतेम निम्म्या भूमीतून वास्तुकार गौदी, मिरो आणि दाली हे चित्रकार, चेलोवादक पाऊ कासाल्स आणि बार्सिलोनाचा फुटबॉल क्लब निघाला, हे लक्षात घेतले की या समाजाविषयी कुतूहल वाटू लागते.

त्यांची भाषा प्रांताच्या सीमेत मावत नाही. बेलिआरिक बेटांवर, व्हॅलेन्सियात, फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पेर्पिन्यांच्या परिसरात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या अल्गेरो शहरातही ती बोलली जाते. पिरेनीजमधल्या आंदोरा या चिमुकल्या देशाची ती एकमेव राजभाषा आहे. सगळे मिळून सुमारे एक कोटी लोक ती बोलतात. ती स्पॅनिशची बोली आहे असा समज आपल्याकडे आढळतो आणि तो चुकीचा आहे. स्पॅनिश म्हणजे मूळची कास्तिया प्रांताची भाषा. दोघी लॅटिनमधून स्वतंत्रपणे निघाल्या आणि कातालानचे अधिक जवळचे नाते दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेशी आहे.

या भाषेत गद्य कधी फुलले ते पाहण्यासारखे आहे. मायोर्का बेटावरचा रामोन युल्ल तेराव्या शतकात तत्त्वज्ञान, धर्मचर्चा आणि कथा लॅटिनबरोबरच लोकांच्या कातालानमध्येही लिहीत होता. त्याच शतकात गोदावरीच्या खोऱ्यात महानुभावांनी लीळाचरित्र मराठीत सिद्ध केले आणि १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. दोन्हीकडे पंडितांची भाषा हाताशी होती, तरी दोन्हीकडे गहन विषय लोकभाषेत आणण्याचे धाडस झाले.

त्या काळी कातालान लोक राज्यकर्ते होते. ११३७ साली बार्सिलोनाच्या सरदारघराण्याचा आरागॉनच्या राजकन्येशी विवाहसंबंध ठरला आणि संयुक्त राज्य बनले. पहिल्या जाउमे राजाने १२२९ साली मायोर्का आणि १२३८ साली व्हॅलेन्सिया जिंकले. जहाजे सिसिलीपर्यंत आणि ग्रीसपर्यंत जात. व्यापाऱ्यांसाठी त्यांनी केलेले समुद्री कायदे भूमध्य समुद्रात दूरवर प्रमाण मानले जात. राजाला कर हवा असेल तर त्याने प्रतिनिधींच्या सभेला विचारावे अशी पद्धत होती आणि तो कर गोळा करण्यासाठी नेमलेल्या समितीतून १३५९ साली ‘जनरलितात’ ही संस्था आकाराला आली. आजच्या प्रांतिक सरकारचे नावही तेच आहे.

१४६९ साली आरागॉनच्या फर्डिनांडचा कास्तियाच्या इसाबेलाशी विवाह झाला. राजघराणी जुळली तरी कातालोनियाचे कायदे आणि संस्था पुढची अडीचशे वर्षे टिकल्या. त्यांचा शेवट झाला ११ सप्टेंबर १७१४ रोजी. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात कातालान लोकांनी ऑस्ट्रियाच्या दावेदाराची बाजू घेतली होती. प्रतिस्पर्धी दावेदार पाचव्या फेलिपेच्या फौजांनी वर्षाहून अधिक काळ वेढा घालून बार्सिलोना घेतले, जनरलितात बरखास्त केली, १७१६च्या फर्मानाने जुने कायदे मोडीत काढले आणि शहरावर नजर ठेवणारा किल्ला बांधण्यासाठी एक अख्खी वस्ती पाडली. त्या वस्तीचे अवशेष आता उकरून काढले आहेत आणि बार्सिलोनाच्या जुन्या बोर्न बाजाराच्या लोखंडी छताखाली ते पाहता येतात.

११ सप्टेंबर हाच कातालोनियाचा राष्ट्रदिन आहे. आपण मराठवाड्यात १७ सप्टेंबर पाळतो. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. जालन्यात टाउन हॉलच्या आवारातल्या हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर स्मारकापाशी त्या सकाळी ध्वजवंदन होते. सहा दिवसांच्या अंतराने येणाऱ्या या दोन तारखांमध्ये मोठा फरक आहे. आपण सुटकेचा दिवस साजरा करतो, ते शहर पडल्याचा दिवस पाळतात. हरलेल्या लढाईची आठवण त्यांनी तीनशे वर्षे जपली आणि तिच्याभोवती समाज एकत्र ठेवला.

एकोणिसाव्या शतकात कातालोनियाने वेगळ्या मार्गाने मान वर काढली. १८३२ साली बार्सिलोनात स्पेनमधली पहिली वाफेवर चालणारी गिरणी सुरू झाली. पुढे तेर आणि योब्रेगात या नद्यांच्या काठी सूतगिरण्यांच्या वसाहतींची रांग लागली आणि कापसाने हा प्रांत श्रीमंत केला. पैसा आला तसे भाषेचे भानही परतले. १८५९ साली मध्ययुगीन काव्यस्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. जासिन्त वेर्दागेर या पाद्री कवीने १८७७ साली अटलांटिसच्या पुराणकथेवर महाकाव्य लिहून ही भाषा खेड्यापुरती नाही हे दाखवून दिले. मग पोम्पेउ फाब्रा आले. हे मुळात रसायन अभियंता होते. त्यांनी १९१३ साली शुद्धलेखनाचे नियम, १९१८ साली व्याकरण आणि १९३२ साली शब्दकोश दिला. ज्या भाषेच्या पाठीशी सरकार उभे नव्हते तिला एका अभियंत्याने वीस वर्षांत प्रमाणरूप दिले, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

१९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले, १९३२ साली कातालोनियाला स्वायत्तता मिळाली. ती पाच-सहा वर्षेच टिकली. एप्रिल १९३८ मध्ये बंडखोर जनरल फ्रँकोने यादवी युद्ध चालू असतानाच स्वायत्ततेचा कायदा रद्द केला. २६ जानेवारी १९३९ रोजी त्याच्या फौजा बार्सिलोनात शिरल्या. प्रांताचे अध्यक्ष युइस कुम्पान्स फ्रान्समध्ये आश्रयाला होते. जर्मनांनी त्यांना पकडून फ्रँकोच्या हवाली केले आणि १५ ऑक्टोबर १९४० रोजी मोंजुइकच्या किल्ल्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. शाळा, कचेऱ्या आणि वर्तमानपत्रे यांतून कातालान हद्दपार झाली. मुलाचे नाव जोर्दी ठेवले तरी कागदावर ते होर्हे असे स्पॅनिशमध्येच लिहावे लागे.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? हैदराबाद संस्थानात राजभाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते आणि मराठवाड्यातल्या मुलाला प्राथमिक शाळेच्या वर चढायचे तर मातृभाषा दारात ठेवावी लागे. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभा घ्यायला आधी परवानगी लागू लागली. राजकीय संघटना उघडपणे काढता येईना, म्हणून लोकांनी महाराष्ट्र परिषद काढली. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला, आजच्या जालना जिल्ह्यात, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. विषय पत्रिकेवर शिक्षण, भाषा आणि समाजसुधारणा यांचे होते, पण राजकारण मुरले ते त्यातूनच. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ‘वंदे मातरम्’ म्हणणारे विद्यार्थी वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढले गेले. कातालोनियाची स्वायत्तता बुडाली तेही हेच साल.

तुलना ताणू नये. निजामाने मराठी बोलण्यावर बंदी घातली नव्हती. मराठी प्राथमिक शाळा होत्या, मराठी कीर्तने होत होती. फ्रँकोचा घाला अधिक नेमका होता आणि तो छत्तीस वर्षे चालला. पण राजकारणाची दारे बंद झाल्यावर समाज काय करतो याचे उत्तर दोन्हीकडे एकच आले. तो वाचनालय काढतो, गाण्याचे मंडळ काढतो, उत्सव भरवतो. आपल्याकडे वाचनालये, खासगी राष्ट्रीय शाळा आणि गणेशोत्सव होते. कातालोनियात वृंदगानाची मंडळे, गिर्यारोहण संघ, चर्च आणि फुटबॉलचे मैदान होते. बार्सिलोना क्लबच्या मैदानात हजारो लोक एकाच वेळी कातालानमध्ये ओरडत, तेव्हा पोलिसांना कुणाकुणाला पकडावे हा प्रश्न पडे.

बार्सिलोनापासून तासाभरावर मोंसेरातचा डोंगर आहे. करवतीच्या दात्यांसारखे त्याचे सुळके दुरून दिसतात. वरच्या मठात सावळ्या चेहऱ्याची मेरीमाता आहे आणि नवी जोडपी, परीक्षार्थी, खेळाडू सगळे तिच्या पायी जातात. फ्रँकोच्या काळात या मठाने भाषेला आसरा दिला. १९४७च्या उत्सवात तिथे कातालान उघडपणे ऐकू आली. १९५९ साली मठाने कातालान मासिक सुरू केले, कारण चर्चच्या छत्रामुळे त्याला सरकारी सेन्सॉरपासून थोडा आडोसा मिळे. मठाधिपती एस्कार्रे यांनी १९६३ साली फ्रेंच वर्तमानपत्राला मुलाखत देऊन राजवटीवर उघड टीका केली आणि त्यापायी त्यांना देश सोडावा लागला.

१ मे १९६० रोजी मुंबईत महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला. त्याच महिन्यात, १९ तारखेला, बार्सिलोनाच्या संगीतगृहात जुआन मारागाल या कवीच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम होता. ध्वजाविषयीचे एक गीत सरकारने कार्यक्रमातून वगळायला लावले होते. श्रोत्यांपैकी काही जण उभे राहिले आणि ते गाऊ लागले. पोलिसांनी तिथेच मारहाण आणि धरपकड केली. तुरुंगात गेलेल्यांत जोर्दी पुजोल नावाचा तरुण डॉक्टर होता. तोच पुढे १९८० पासून २००३ पर्यंत कातालोनियाचा अध्यक्ष राहिला. भाषिक राज्याच्या लढ्याची फळे आपण चाखत होतो त्याच दिवसांत तिकडे एका गाण्यासाठी माणसे तुरुंगात जात होती.

संगीताचा आणि या समाजाचा संबंध असा रक्ताचा आहे. चेलोवादक पाऊ कासाल्स १८७६ साली एल वेंद्रेल या गावी जन्मले. फ्रँकोचा विजय झाल्यावर ते फ्रान्समध्ये गेले आणि मायदेशात लोकशाही येईपर्यंत परतायचे नाही हे व्रत त्यांनी १९७३ साली पोर्तो रिकोत मरेपर्यंत पाळले. १९७१ साली, ९४ वर्षांचे असताना, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एक कातालान लोकगीत चेलोवर वाजवले. लोकांच्या रोजच्या संगीताचे दर्शन मात्र सार्दाना नृत्यात होते. रविवारी चर्चच्या चौकात अकरा वादकांचा ताफा बसतो आणि हातात हात घालून माणसे रिंगण धरतात. ओळख नसली तरी कुणीही मध्ये शिरावे, पावले मोजावीत, नाचावे.

आता मनोऱ्यांकडे येऊ, कारण मराठी माणसाला या समाजाची सर्वांत लवकर ओळख पटेल ती इथे. माणसांवर माणसे चढवून उंच मनोरा रचायचा या खेळाला ते ‘कास्तेल’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तारागोनाजवळच्या वाल्स गावी हा खेळ आकाराला आला आणि २०१० साली युनेस्कोने त्याला मानवी वारशाच्या यादीत घेतले. पांढरी विजार, पथकाच्या रंगाचा सदरा आणि कमरेला करकचून गुंडाळलेला काळा पट्टा हा वेश. पट्टा कंबरेला आधार देतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला जागाही देतो. चढणारे अनवाणी असतात. तळाला शेकडो माणसे एकमेकांना रेटून घट्ट गोल करतात. हा गोल वजन पेलतो आणि मनोरा कोसळलाच तर वरच्यांना झेलतो. त्यात गावकरी असतात, पाहुणे असतात आणि कधी प्रतिस्पर्धी पथकाची माणसेही असतात.

मनोरा चढत असताना सनईच्या जातीचे ‘ग्राल्या’ नावाचे वाद्य वाजत राहते. तळाच्या माणसांची मान खाली असते, वर काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. मनोरा कितव्या थराला पोहोचला हे त्यांना सुरांवरून कळते. शेवटी एक लहान मूल, मुलगा किंवा मुलगी, टोकावर चढते आणि एक हात वर करते. तो हात वर झाला की मनोरा रचून झाला असे मानतात. स्त्रिया १९८०च्या दशकापासून पथकांत आल्या. त्यांच्या येण्याने मनोरे हलके आणि उंच झाले. १९९८ साली तेरासाच्या पथकाने दहा थर लावले.

गोविंदा पथकात असलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. फरक शेवटी आहे. आपल्याकडे हंडी फुटली की काम फत्ते, थर कोसळले तरी जल्लोष थांबत नाही. तिकडे मूल टोकाला पोहोचणे हा अर्धाच विजय. पूर्ण गुण मिळतात ते सगळे थर क्रमाने, एकही माणूस न पडता, खाली उतरल्यावर. मला ही पद्धत आपल्या पथकांनी आवर्जून उचलावी अशी वाटते. दर गोकुळाष्टमीला जायबंदी होणाऱ्या गोविंदांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांच्याकडे मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, वर्षभर सराव चालतो आणि सुखरूप उतरणे हाच पराक्रमाचा भाग मानला जातो.

उंच रचण्याची ही ओढ त्यांच्या वास्तुकलेतही आहे. अंतोनी गौदी यांनी १८८३ साली सग्रादा फामिलिया या चर्चचे काम हाती घेतले आणि जून १९२६ मध्ये ट्रामची धडक बसून त्यांचा अंत होईपर्यंत ते सोडले नाही. त्या चर्चचे काम गौदींच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फुटक्या फरशांचे तुकडे जोडून रंगीत भिंती सजवण्याची त्यांची रीत बार्सिलोनाभर दिसते. त्यांचे पूर्ण नाव अंतोनी गौदी इ कोर्नेत. कातालान माणसाच्या नावात बापाचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे येतात आणि मध्ये ‘इ’, म्हणजे ‘आणि’.

२३ एप्रिल हा त्यांच्या सांत जोर्दी या संताचा दिवस. पूर्वीची रीत अशी की पुरुषाने स्त्रीला गुलाब द्यावा. पुढे त्यात पुस्तक आले. १९२६ साली स्पेनमध्ये पुस्तकदिन सुरू झाला तो व्हॅलेन्सियाच्या एका प्रकाशकाच्या, विसेंत क्लावेल यांच्या प्रयत्नाने. आधी तो ऑक्टोबरमध्ये असे, १९३० पासून २३ एप्रिलला आला. आता त्या दिवशी रस्तेच्या रस्ते पुस्तकांच्या टेबलांनी भरतात, लेखक फुटपाथवर बसून सह्या देतात आणि घरातला प्रत्येक जण कुणाला तरी गुलाब किंवा पुस्तक देतो. याच प्रथेवरून युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला. आपल्या शाळा-महाविद्यालयांत तो दिवस भाषणांनी साजरा होतो. मूळ उत्सवात भाषणे नसतात, खरेदी असते.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. रोजच्या ताटात भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ घालतात, आणि घरोघरी मुले यावरच वाढतात. मजा आहे ती ‘काल्सोत’ मोसमाची. जानेवारी ते मार्चमध्ये शेतावर द्राक्षवेलीच्या काटक्यांचा जाळ करतात, लांब पातीचे कांदे काळे होईपर्यंत भाजतात, वरचे जळके साल हातानेच ओढून काढतात आणि बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवून खातात. हात काळे, तोंड काळे, बरोबर गावभरची माणसे. आपल्याकडे त्याच दिवसांत ज्वारीच्या शेतात आगटीभोवती हुरडा खायला माणसे जमतात, अगदी तसेच.

आता पुन्हा आपल्याकडे आलेल्या कातालान माणसांकडे वळू. फेरर यांच्या आधी तीस वर्षे बार्सिलोनाचा आणखी एक पाद्री मुंबईत आला होता. पहिल्या महायुद्धात मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना ब्रिटिशांनी हटवले आणि १९२१ साली हे काम कातालोनियासह पूर्व स्पेनचे जेझुइट ज्यात येत त्या आरागॉन प्रांताकडे दिले. त्या लाटेत १९२२ साली हेन्री हेरास आले. जन्मतारीख ११ सप्टेंबर १८८८, म्हणजे नेमकी कातालोनियाच्या राष्ट्रदिनाची. सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवायचे काम मिळाले. भारताच्या इतिहासाची त्यांना तोवर ओळख नव्हती, तरी शिकवायचा तर याच देशाचा इतिहास, असे त्यांनी ठरवले. १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधन संस्था काढली आणि १९२७ साली विजयनगरच्या अरविडू घराण्यावर ग्रंथ लिहिला. ते विद्यार्थ्यांना घेऊन लेणी, देवळे आणि ताम्रपटांच्या मागे हिंडले. नाणी, मूर्ती आणि हस्तलिखिते गोळा केली.

हेरास यांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे सिंधू लिपीला वाहिली. त्या लिपीतली भाषा द्रविड कुळातली असावी हे त्यांचे म्हणणे पुढच्या अनेक संशोधकांनी वेगळ्या मार्गाने उचलून धरले. त्यांचे वाचन मात्र मान्य झाले नाही आणि लिपी अजूनही उलगडलेली नाही. १४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९८१ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मुंबईला गेलेल्या वाचकाने झेवियर्सच्या आवारातल्या हेरास संस्थेचा संग्रह पाहून यावा.

फ्रँको १९७५ साली मेला. ११ सप्टेंबर १९७७ रोजी सुमारे दहा लाख लोक बार्सिलोनाच्या रस्त्यावर उतरले आणि १९७९ साली स्वायत्तता परत आली. १९८३च्या कायद्याने शाळांत कातालान हे शिकवण्याचे माध्यम होऊ लागले. दक्षिण स्पेनमधून कामासाठी आलेल्या मजुरांची मुलेही तीच भाषा शिकून मोठी झाली. कातालान व्हायला रक्त लागत नाही, इथे राहून काम करणारा तो कातालान, ही भूमिका त्यांच्या बहुतेक पक्षांनी घेतली. या समाजाचे मोठेपण मला या भूमिकेत सर्वांत जास्त दिसते.

पुढचे राजकारण अवघड आहे. कातालोनिया स्पेनच्या उत्पन्नात जवळपास पाचवा हिस्सा टाकतो आणि आपण देतो त्या मानाने परत मिळत नाही ही तिथली जुनी तक्रार. मराठवाड्याची तक्रार याच्या उलट, अनुशेषाची आहे. दांडेकर समितीने १९८४ साली त्याचे आकडे मांडले. तिथे संपन्न प्रांताला वेगळे व्हायचे आहे, इथे मागे राहिलेल्या प्रदेशाने एकभाषिक राज्यात आपणहून सामील होऊन वाटा मागितला. २०१० साली स्पेनच्या घटना न्यायालयाने वाढीव स्वायत्ततेच्या कायद्यातली काही कलमे रद्द केली आणि रोष वाढला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रांतिक सरकारने न्यायालयाची मनाई मोडून स्वातंत्र्यासाठी मतदान घेतले. पोलिसांनी मतदान केंद्रांवर लाठ्या चालवल्या, नेत्यांना लांब शिक्षा झाल्या, २०२१ साली त्यांना माफी मिळाली आणि २०२४ साली संसदेने सार्वत्रिक माफीचा कायदा केला. स्वातंत्र्य हवे की नको यावर खुद्द कातालान समाज जवळपास दुभंगलेला आहे, हे बाहेरच्या माणसाने विसरू नये.

भाषेची स्थितीही तशीच संमिश्र आहे. २०२३च्या सरकारी पाहणीनुसार प्रांतातल्या दहांपैकी नऊंहून अधिक लोकांना कातालान समजते आणि आठ जणांना बोलता येते. रोजच्या व्यवहारात मुख्य भाषा म्हणून ती वापरणारे मात्र सुमारे एक तृतीयांशच उरले आहेत. वीस वर्षांपूर्वी हे प्रमाण ४६ टक्के होते. सप्टेंबर २०२३ पासून माद्रिदच्या संसदेत खासदारांना कातालानमध्ये भाषण करता येते. युरोपीय संघाने तिला अधिकृत भाषांत घ्यावे ही स्पेनची मागणी त्याच वर्षी पुढे आली. त्यासाठी सर्व २७ देशांची संमती लागते आणि ती अजून मिळालेली नाही.